थीम पार्कला मुलांना कितव्या वर्षी न्यावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरात दोन मुलं, थोरला साडेचार वर्षांचा आणि धाकटी दीड वर्षाची. मोठ्या थीम पार्कची सहल करायची आहे, पण ती पुन्हा पुन्हा होण्यासारखी नाही. आत्ता नेलं तर मुलांच्या काही लक्षात राहील का? आणि थांबलो, तर सगळं खरं वाटण्याचं वयच निघून जाईल का? मग योग्य वय कोणतं?

मी एका मोठ्या पार्कात अठरा वर्षं काम केलं. सुरुवातीची सहा वर्षं राइडच्या तोंडाशी, उंचीच्या पट्टीपाशी उभी असायची. पुढे राइड चालवणाऱ्या नव्या मुलामुलींना शिकवायचं काम आलं आणि चुकलेल्या मुलांना आणून बसवतात त्या खोलीची जबाबदारीही माझ्याकडे आली. हा प्रश्न मला या दोन्ही ठिकाणी हजारदा विचारला गेला आहे, बहुतेक वेळा मूल रडत असताना.

आधी सरळ उत्तर देते. एकच मोठी सहल होणार असेल, तर घरातलं सगळ्यात लहान मूल चार वर्षांचं पूर्ण झालेलं आणि मोठं सहा ते आठच्या दरम्यान असताना जा. एकच मूल असेल तर सहा किंवा सात. या वयात मूल भीती वाटली तर तसं सांगू शकतं, दिवसभर चालू शकतं, बऱ्याच राइडसाठी उंचीत बसतं आणि तरीही जादूवर विश्वास ठेवायला मनापासून तयार असतं. पण हा आकडा तुमच्या मुलाला लागू पडतो की नाही, हे तुम्हालाच बघायचं आहे. ते कसं बघायचं, त्यासाठी पुढचं सगळं लिहिते.

पार्कात वय विचारतात ते फक्त तिकिटाच्या खिडकीवर. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांत तीन वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही, टोकियो डिस्नेलँडमध्ये चार वर्षांखालच्यांना लागत नाही. त्यामुळे ‘तिकीट लागायच्या आत जाऊन येऊ’ असं अनेकांच्या मनात येतं. ते समजण्यासारखं आहे, पण जाण्याचं कारण म्हणून ते अपुरं आहे. कारण आत शिरल्यावर वय कुणी विचारत नाही, तिथे सगळा कारभार उंचीवर चालतो.

उंचीचे आकडे जरा डोळ्यांसमोर ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढीच्या तक्त्यांप्रमाणे तीन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ९५-९६ सेंटिमीटर असते, पाचव्या वर्षी ११० च्या आसपास, सातव्या वर्षी १२१-१२२ आणि दहाव्या वर्षी साधारण १३८. आता राइड बघा. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम पार्कात सात बुटक्यांच्या खाणीतली गाडी आहे, तिला ९७ सेंटिमीटर लागतात. तिथल्याच स्पेस माउंटनला ११२. कॅलिफोर्नियातल्या मूळ डिस्नेलँडमध्ये स्पेस माउंटन याच नावाची राइड आहे, पण तिला १०२ पुरतात. ऑर्लँडोच्या युनिव्हर्सलमध्ये हॅरी पॉटरच्या किल्ल्यातल्या राइडला १२२ आणि हल्कच्या रोलर कोस्टरला १३७ सेंटिमीटर. म्हणजे पाच वर्षांच्या मध्यम उंचीच्या मुलाला पहिली मिळेल, दुसरी अगदी थोडक्यात हुकेल आणि शेवटच्या दोन्ही बाहेरूनच बघाव्या लागतील. सातव्या वर्षाच्या आसपास १२० ची रेघ ओलांडली, की पार्कातली बहुतेक दारं उघडतात. मोठे रोलर कोस्टर मात्र दहापर्यंत थांबायला लावतात.

शिवाय मध्यम म्हणजे सगळी मुलं नव्हेत. पाच वर्षांचं एक मूल १०१ सेंटिमीटरचं आणि दुसरं ११९ चं, दोघंही अगदी निरोगी, असं सहज असतं. म्हणून ‘पाच वर्षांच्या मुलाला कोणत्या राइड मिळतात’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘माझ्या १०६ सेंटिमीटरच्या मुलाला कोणत्या राइड मिळतात’ या प्रश्नाला पक्कं उत्तर आहे. ते प्रत्येक पार्कच्या स्वतःच्या माहितीत दिलेलं असतं आणि अधूनमधून बदलतं, तेव्हा जायच्या आधी तिथेच ताजं बघा.

इथे मला थोडं थांबायचं आहे, कारण उंचीचा नियम पालकांना सगळ्यात जास्त खटकतो. दोन सेंटिमीटर कमी पडणाऱ्या मुलाचे वडील मला म्हणायचे, “मी शेजारीच बसतोय ना, घट्ट धरून ठेवेन.” एकदा एका सहा वर्षांच्या मुलाच्या बुटात घडी घातलेला कागद निघाला. बूट काढायला सांगितलं तेव्हा त्याने आधी आईकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. तो चेहरा मी विसरलेली नाही. बुटात कागद घालायचं त्याला सुचलं नव्हतं, पण सगळ्यांसमोर लाज त्याच्या वाट्याला आली.

उंचीची रेघ कशासाठी असते ते सांगते. राइडच्या आसनावर मूल बसलं की त्याची पाठ आसनाच्या पाठीला टेकली पाहिजे, गुडघे आसनाच्या कडेवर वाकले पाहिजेत, पाय कशाला तरी टेकवता आले पाहिजेत आणि हात दांड्यापर्यंत पोचला पाहिजे. मांडीवर येणारा दांडा, आम्ही त्याला लॅप बार म्हणतो, तो मांड्यांवर बसला पाहिजे, पोटावर नाही. मूल लहान असलं की ते पुढे सरकून बसतं, पाठ सुटते, अंग दांड्याखालून निसटायला वाट मिळते. दोघांना मिळून एकच दांडा असेल तर तो जाड मांडीपाशी अडतो. वडिलांच्या मांडीला तो घट्ट लागलेला असतो आणि शेजारच्या मुलाच्या मांडीवर चार बोटांची पोकळी राहते. शिकाऊ मुलांना मी ही पोकळी हात घालून दाखवायची. एकदा हात घातला की ते पुढे कधी कुणाच्या विनवणीला भुलायचे नाहीत.

आणि धरून ठेवण्याचं म्हणाल, तर वळणावर किंवा उतारावर अंगावरचा भार दुप्पट-तिप्पट होतो. १८ किलोचं मूल तेवढ्या क्षणापुरतं ३६ ते ५४ किलोचं होतं, तेही कुठल्या बाजूला जाईल याची कल्पना नसताना. कुठल्याही बापाच्या हातात तेवढी पकड नसते. याच कारणासाठी गोल गरगरणाऱ्या राइडमध्ये लहान मुलाला आतल्या बाजूला आणि मोठ्या माणसाला बाहेरच्या बाजूला बसवतात. अंग बाहेर फेकलं जातं, आणि मोठं माणूस आत असेल तर त्याचा सगळा भार मुलावर येतो. हे चालकाने सांगायची वाट पाहू नका, स्वतःच तसं बसा. या आसनांचे आणि दांड्यांचे नियम जगभर लिहून ठेवलेले आहेत. अमेरिकेत त्यासाठीची समिती १९७८ पासून काम करते आहे, युरोपची आणि आंतरराष्ट्रीय मानकंही आहेत. दारातली मुलगी ती रेघ स्वतःच्या मर्जीने मागेपुढे करू शकत नाही.

आता उंचीत बसलं म्हणजे झालं का? नाही. माझ्या मते खरी अडचण इथून पुढे आहे. उंचीची पट्टी शरीर मोजते, भीती मोजत नाही. पार्कातल्या सर्वांत भीतीदायक जागांपैकी कित्येकांना उंचीची अटच नसते, कारण त्या हळू चालतात. अंधारातून गाडी जाते, बाजूला आकृत्या हलतात, अचानक प्रकाश पडतो, कुणीतरी हसतं. डिस्नेलँड १९५५ साली उघडलं तेव्हापासून तिथे हिमगौरीची एक अंधारी राइड होती. लहान मुलं त्यातल्या चेटकिणीला इतकी घाबरायची, की १९८३ साली तिच्या नावातच ‘भीतीदायक’ हा शब्द घातला गेला, आणि २०२१ मध्ये ती बदलून सौम्य केली गेली. म्हणजे हे ओळखायला खुद्द पार्कवाल्यांनाही कितीतरी वर्षं लागली.

तीन वर्षांचं मूल का घाबरतं हे समजून घ्यायचं असेल तर १९६९ साली प्रसिद्ध झालेला एक जुना प्रयोग ऐका. रीटा डी-व्रीस या मानसशास्त्रज्ञ बाईंनी मेनार्ड नावाचा एक शांत बोका घेतला. मुलांना तो आधी दाखवला, कुरवाळू दिला. मग त्याचं डोकं पडद्याआड नेऊन त्याला कुत्र्याचा मुखवटा चढवला. त्याची शेपटी आणि मागचं अंग सगळा वेळ मुलांच्या डोळ्यांसमोर होतं. तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांना वाटलं, आता हा कुत्रा झाला. सहा वर्षांची मुलं मात्र सांगत होती, की हा बोकाच आहे, त्याने तोंडावर काहीतरी घातलंय.

पार्कात भल्यामोठ्या डोक्याचा, हातमोजे घातलेला, न बोलणारा उंदीर समोरून येतो तेव्हा तीन वर्षांच्या मुलाच्या मनात हेच चाललेलं असतं. पडद्यावर तो हाताच्या पंजाएवढा होता आणि बोलत होता. इथे तो मुलाहून कितीतरी उंच आहे, त्याचे डोळे हलत नाहीत आणि तो मिठी मारायला येतोय. मूल आईच्या पायांमागे लपतं. आई म्हणते, “अगं, तुझा लाडका ना तो!” आणि त्याला पुढे ढकलते, कारण फोटोसाठी तासभर रांगेत काढलेला असतो. त्या फोटोतली मुलं मी खूप पाहिली आहेत, अंग ताठ, मान वळवलेली. चार-साडेचारच्या पुढे हे कमी होत जातं आणि मग एक फार सुंदर काळ येतो. आत माणूस आहे हे मुलाला बहुधा कळलेलं असतं, तरी ते त्याला उंदीर म्हणूनच भेटतं. ‘सगळं खरं वाटण्याचं वय निघून जाईल’ अशी तुमची धास्ती आहे ना, तिचं उत्तर हे आहे. ते वय पाचव्या वाढदिवसाला संपत नाही. सहा-सात वर्षांची मुलं ठरवून विश्वास ठेवतात. मला तर वाटतं, त्यांचा आनंद जास्त मोठा असतो, कारण त्यात भीती मिसळलेली नसते.

एका अंधाऱ्या राइडवरची गोष्ट सांगते. सव्वातीन वर्षांची मुलगी, आई-बाबांच्या मध्ये बसलेली. पहिल्याच वळणावर तिने किंकाळी फोडली आणि ती चार मिनिटं थांबली नाही. चालकाच्या खोलीत पडद्यावर मला ती दिसत होती. गाडी मध्येच थांबवून वाटेत उतरवणं जास्त धोक्याचं होतं, म्हणून आतले दिवे लावून आम्ही फेरी पूर्ण केली. बाहेर आल्यावर ती कडेवर आईच्या खांद्यात तोंड खुपसून बसली. खरं नुकसान त्यानंतरचं होतं. त्या दिवशी तिने कुठल्याच छताखाली पाऊल टाकलं नाही. खाण्याच्या जागीही नाही, शौचालयातही नाही. जिथे आत अंधार दिसे तिथे ती दारातच पाय रोवायची. तिच्या बाबांनी मला संध्याकाळी विचारलं, “आमचं काय चुकलं?” त्यांचं चुकलं असं काही नव्हतं. मूल ‘नको’ म्हणायच्या आधीच गाडी सुटली होती आणि सुटलेली गाडी थांबत नाही, हे तीन वर्षांच्या मुलाला आधी सांगून समजत नाही.

म्हणून माझी पहिली कसोटी वयाची नाही, उंचीचीही नाही. तुमचं मूल भीती वाटायच्या आधी ‘मला नको’ म्हणू शकतं का, आणि भीती वाटल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत सावरतं का? घरी अंधारात वीज गेल्यावर, मोठा कुत्रा भुंकल्यावर, फटाका वाजल्यावर ते काय करतं ते आठवा. जे मूल रडतं, बिलगतं आणि थोड्या वेळाने स्वतःच “परत वाजेल का?” असं विचारतं, ते तयार आहे. जे मूल दोन दिवस तो विषय काढलं की कानावर हात ठेवतं, त्याला अजून वर्षभर द्या. ही मुलं भित्री नसतात. त्यांना जास्त ऐकू येतं, जास्त दिसतं. ज्या मुलांची वाढ वेगळ्या वाटेने होते, स्वमग्न असोत किंवा आवाज-गर्दी सहन न होणारी असोत, त्यांच्या बाबतीत तर जन्मतारीख बाजूलाच ठेवा. अनेक मोठी पार्क आता कोणत्या राइडमध्ये किती आवाज, किती अंधार, किती झटके आहेत याची माहिती देतात, शांत खोल्याही ठेवतात. ही माहिती खरं तर सगळ्याच पालकांनी वाचावी.

दुसरी कसोटी दिवसभराच्या ताकदीची. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसाला ११ ते १४ तास झोप लागते, तीन ते पाच वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास, दुपारची डुलकी धरून. पार्क या डुलकीच्या आड येतं. चुकलेल्या मुलांच्या खोलीत बसून मला घड्याळ न बघता वेळ कळायची. सकाळी येणारी मुलं हरवलेली असायची, दुपारी दोन ते चारच्या दरम्यान येणारी मुलं थकलेली असायची. आई पाणी काढायला बॅगेत वाकते तेवढ्यात ती चालू लागतात आणि कुठेतरी सावलीत बसून राहतात. मुलाची दुपारची झोप स्वतःहून सुटली आहे का, आणि सुटल्यावर संध्याकाळी ते किती वाजता चिडचिडं होतं, हे पाहा. झोप अजून लागत असेल तर पूर्ण दिवसाचा बेत करू नका. सकाळी उघडल्या उघडल्या जा, दुपारी बाहेर पडा, झोपवा, जमलं तर संध्याकाळी परत जा.

रांगेबद्दल फार सांगत नाही. चार वर्षांचं मूल वीस मिनिटं हसत उभं राहील, सात वर्षांचं पाऊण तास. त्यापुढे तुम्हीही राहत नाही. शूची सवय मात्र पक्की हवी, कारण रांगेच्या मधोमध वेळ येते.

आता लक्षात राहण्याविषयी. इथे लोकांचा एक ठाम समज असतो, ‘तीन-चार वर्षांच्या मुलाच्या काही लक्षात राहत नाही, पैसे वाया.’ हे अर्धंच खरं आहे. नीना हॅमंड आणि रॉबिन फिवुश या संशोधकांनी १९९१ साली नेमका हाच विषय घेतला होता. तीन किंवा चार वर्षांची असताना डिस्नेवर्ल्डला जाऊन आलेल्या मुलांशी त्या बोलल्या, काहींशी सहा महिन्यांनी, काहींशी दीड वर्षाने. मुलांना पुष्कळ आठवत होतं, आणि बहुतेक बरोबर आठवत होतं. मोठी मुलं तपशिलात, न विचारता सांगत. ज्या घरांत त्या सहलीविषयी पुन्हा पुन्हा बोलणं झालं होतं, त्या घरांतल्या मुलांना जास्त आठवत होतं.

मग मोठेपणी आपल्याला तीन वर्षांआधीचं काही का आठवत नाही? कारण त्या आठवणी तयार होतात, पण टिकत नाहीत. मानसशास्त्रज्ञ पॅट्रिशिया बाउर यांच्या अभ्यासात मुलांना तीन वर्षांच्या वयातल्या घटना पाच ते सात वर्षांपर्यंत निम्म्याहून जास्त आठवत होत्या, आणि आठ-नऊपर्यंत त्यातल्या बऱ्याच गळून पडल्या. म्हणजे आत्ता साडेचारचा असलेला तुमचा मुलगा दोन वर्षं ही सहल सांगत राहील, आणि मोठा झाल्यावर कदाचित एखादं चित्र उरेल. सात वर्षांच्या मुलाला त्या दिवसाची गोष्टच सांगता येते, आधी काय झालं, मग काय, आणि कुणामुळे. ती बांधलेली गोष्ट टिकते.

फोटोंवर फार विसंबू नका, असंही सांगते. २००२ साली कॅथरिन ब्रॉन, रीअॅनन एलिस आणि एलिझाबेथ लॉफ्टस या संशोधकांनी मोठ्या माणसांना डिस्नेलँडची एक बनावट जाहिरात दाखवली. तिच्यात बग्ज बनी हा ससा होता. नंतर काही जणांनी सांगितलं, की लहानपणी तिथे आम्ही त्या ससोबाशी हात मिळवला होता. हा ससा वॉर्नर ब्रदर्स या दुसऱ्याच कंपनीचा, तो डिस्नेच्या पार्कात असणं शक्यच नाही. फोटो आठवण तयार करतो, ती खरी आहे की नाही हे फोटो सांगत नाही. त्यापेक्षा त्या रात्री झोपताना मुलाला विचारा, “आज तुला सगळ्यात जास्त काय आवडलं?” आणि ते सांगेल ते मध्येच न दुरुस्त करता ऐका. उत्तर बहुधा तुम्हाला अपेक्षित नसलेलं असेल.

कारण मुलं पार्क आपल्यासारखं बघत नाहीत. आमच्याकडे एक दीड वर्षाचा मुलगा आला होता. त्याने सगळी सकाळ एकच गोष्ट केली. झाडू मारणारा एक सहकारी लांब दांड्याचं सुपडं घेऊन फिरायचा. सुपडं जमिनीवर टेकलं की झाकण उघडायचं, उचललं की टप्पकन बंद व्हायचं. मुलगा त्याच्यामागे डुलत डुलत चालत होता आणि प्रत्येक ‘टप्प’ला टाळ्या वाजवत होता. आई-बाबा मागे बाबागाडी ढकलत, हातात नकाशा. सुरुवातीला ते त्याला उचलून राइडकडे न्यायचे, तो रडायचा. अकराच्या सुमाराला आईने नकाशा घडी करून बॅगेत टाकला आणि तीही त्यांच्याबरोबर चालू लागली. त्या कुटुंबाचा दिवस खरंच चांगला गेला.

तीन वर्षांखालच्या मुलाला न्यायचंच असेल, तर असं न्या, त्याच्या चालीने, अर्धा दिवस, नकाशाशिवाय. त्याला पाणी, रंगीत दिवे, वाजणारी गोल घोड्यांची राइड, बदकं पुरतात. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगसारखं परीकथांचं रान असलेलं पार्क, डेन्मार्कमधलं बिलुंडचं लेगोलँड किंवा अमेरिकेतलं सेसमी प्लेस अशी पार्क लहान मुलांना धरूनच उभी केलेली आहेत. मूल लहान असताना निवड करायची वेळ आली, तर प्रसिद्ध पार्क सोडा आणि असं पार्क घ्या. सहा महिन्यांखालच्या बाळाला ऊन टाळा, सावलीतच ठेवा. मांडीवर बाळ चालतं असं लिहिलेलं असलं, तरी बाळ स्वतः ताठ बसत नाही तोवर कुठल्याही हलत्या राइडवर नेऊ नका. मिरवणूक किंवा आतषबाजी असेल तर कानांवर मुलांचे आवाजरोधक हेडफोन लावा आणि ध्वनिक्षेपकापासून लांब उभे राहा. तीनखालच्यांसाठी मला सांगायचं ते एवढंच.

उशीर झाला म्हणजे काय होतं, हेही सांगायला हवं. लहान मुलांच्या काही राइडना वरचीही मर्यादा असते, ठरावीक उंचीनंतर त्यात बसता येत नाही. नऊ-दहाव्या वर्षी मूल परीकथांच्या भागाकडे ढुंकून बघत नाही, त्याला फक्त वेग हवा असतो. त्यात काही वाईट नाही, पण ती वेगळी सहल आहे आणि तिला वेगळं पार्क लागतं. गाडी लागण्याचा त्रासही साधारण या वयात सर्वांत जास्त असतो, तेव्हा बसमध्ये ज्याला मळमळतं त्याला गरगरणाऱ्या राइड एकापाठोपाठ एक देऊ नका. बारा-तेराला त्यांना बरोबर मित्र किंवा मैत्रीण हवी असते. तेव्हा शक्य असेल तर एकाला बरोबर घ्या, घरातल्या चौघांपेक्षा तो एक जण जास्त कामाचा.

भावंडांमध्ये अंतर असलं की घरात ओढाताण होते. थोरल्याला थांबावं लागू नये म्हणून धाकट्याला ओढत न्यायचं, की धाकट्यासाठी थोरल्याची वेळ घालवायची? मोठ्या पार्कांत यावर एक सोय असते. डिस्नेमध्ये तिला रायडर स्विच म्हणतात, युनिव्हर्सलमध्ये चाइल्ड स्वॅप. सगळे एकदाच रांगेत, किंवा एक पालक बाहेर धाकट्याला घेऊन. पहिला पालक थोरल्याबरोबर राइड करून आला की दुसरा पालक पुन्हा पूर्ण रांग न लावता जातो, आणि बऱ्याचदा थोरल्याला त्याच्याबरोबर दुसऱ्यांदा जायला मिळतं. दारातच विचारा, पद्धत जागोजागी वेगळी असते. या सोयीमुळे धाकट्याची उंची थोरल्याच्या आड येत नाही. आड येते ती धाकट्याची झोप आणि धाकट्याचा धीर. म्हणून मी धाकटं चारचं होण्यावर अडून बसते.

एक गोष्ट कुठल्याही वयात करा. सकाळी दारातून आत शिरताना मुलाचा, त्या दिवसाच्या कपड्यांतला, पूर्ण उंचीचा फोटो काढा आणि मनगटावर किंवा कपड्याच्या आत तुमचा मोबाइल नंबर लिहा. मूल दिसेनासं झालं की बहुतेक पालकांना शर्टाचा रंगही आठवत नाही, हे मी रोज पाहिलं आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलाला गणवेशातला माणूस दाखवून ठेवा, “मी दिसले नाही तर यांच्याकडे जायचं.” आणि मूल चुकलं तर फक्त शोधत फिरू नका, मोठ्याने सांगा, “लाल टोपी, पिवळा शर्ट, पाच वर्षांचा मुलगा!” आजूबाजूचे पन्नास डोळे शोधू लागतात.

आता तुमच्या घराचं. आज थोरला साडेचार, धाकटी दीड. आत्ता गेलात तर थोरल्याला अर्ध्या राइड उंचीमुळे नाहीत आणि धाकटीला तुमच्यापैकी एकाच्या कडेवर पूर्ण दिवस. दोन वर्षांनी थोरला साडेसहा, धाकटी साडेतीन, म्हणजे तिचं अंधार-मुखवट्यांचं वय जेमतेम सरत आलेलं. अडीच वर्षांनी थोरला सात आणि धाकटी चार. मी तुमच्या जागी असते तर अडीच वर्षांनंतरचा, शाळेला सुट्टी नसलेला किंवा गर्दी कमी असलेला एखादा आठवडा पकडला असता.

मधल्या काळात थोरल्याला कोरडं ठेवू नका. पाच-साडेपाचचा झाला की एखाद्या लहान, घराजवळच्या पार्कात फक्त त्याला घेऊन अर्धा दिवस जा, दोघांपैकी एकानेच. पहिली राइड उघड्यावरची, हळू आणि तुमच्या मांडीला लागून बसता येईल अशी निवडा. आधी बाहेर उभं राहून ती पूर्ण फेरी त्याला बघू द्या. बघून झाल्यावर “जायचं का?” असं विचारा, आणि तो नको म्हणाला तर त्याच क्षणी, तोंड न पाडता, दुसरीकडे वळा. दुसऱ्यांदा विचारू नका. बऱ्याच मुलांना मग तासाभराने स्वतःहून परत यायचं असतं, आणि त्या वेळी ती हसत बसतात.

आणि मोठी सहल ठरवायच्या आधी एका सकाळी दोघांना अनवाणी भिंतीला उभं करा, टाचा, पाठ आणि डोकं भिंतीला टेकवून, डोक्यावर सपाट पुस्तक धरून खूण करा. संध्याकाळी नको, दिवसभरात उंची थोडी दबते. तो आकडा घेऊन त्या पार्कची राइडची यादी उघडा, मुलांना शेजारी बसवा आणि कुठल्या राइड आपल्या आहेत आणि कुठल्या पुढच्या वेळच्या, ते घरीच ठरवून टाका. दारात ‘नाही’ ऐकावं लागण्यापेक्षा ते घरी तुमच्या तोंडून ऐकलेलं मुलांना पुष्कळ सोपं जातं.